लसणासाठी झाकणवाला सिलिकॉन ट्रे: ट्रे झकास, झाकण नावापुरतं

चार महिने झाले वापरतेय. लगेच लिहिणार होते पण म्हटलं नव्याची नवलाई ओसरू दे. पाचपैकी साडेतीन स्टार देतेय, का ते सांगते.

आधी मी बर्फाच्या साध्या ट्रेमध्येच लसणाची पेस्ट गोठवायचे, पण त्यातला एक क्यूब म्हणजे सहा-सात पाकळ्या, दोन माणसांच्या स्वयंपाकात एवढा लसूण कुठे घालणार, मग तो दगड सुरीने फोडत बसा. ह्याचे खण बारीक आहेत, एकात छोटा चमचाभर पेस्ट, म्हणजे साधारण दोन पाकळ्या. खालून बोटाने दाबलं की क्यूब टपकन बाहेर, आपटाआपटी नाही. ह्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल.

आता झाकण. खोक्यावर ‘वास बाहेर येणार नाही’ असं ठळक छापलंय आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या पाण्यातल्या बर्फाला लसणाचा वास. झाकण नुसतं वर टेकतं, घट्ट बसतच नाही. त्यामुळे मी आता ट्रे फक्त आकार द्यायला वापरते, रात्रभर गोठवायचं आणि सकाळी सगळे क्यूब पिशवीत घालून ती पिशवी परत घट्ट झाकणाच्या डब्यात. सिलिकॉनमध्ये वास मुरतो तो वेगळाच, खायचा सोडा लावून झाला, उन्हात ठेवून झाला, कमी झाला पण गेला नाही. तेव्हा ह्यात पुढे कधी दुसरं काही गोठवायचा विचारही करू नका.

आणि खरा राग आला तो आतल्या कागदावर. त्यात टीप दिलीये की लसूण तेलात बुडवून फ्रीजमध्ये दोन आठवडे ठेवा. अहो, हे चक्क धोक्याचं आहे! लसूण मातीतला, त्यावर बोट्युलिझमच्या, म्हणजे अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेच्या, जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि तेलात हवा नाही, आंबटपणा नाही, म्हणजे त्यांना विष तयार करायला मोकळं रान. वासाचवीवरून कळेलच असं नाही. १९८५ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या एका रेस्टॉरंटमधल्या तेलातल्या लसणाने कितीतरी लोक आजारी पडले होते. घरचा तेलातला लसूण फ्रीजमध्ये फार तर चार दिवस, त्याहून जास्त ठेवायचा तर थेट फ्रीजर. गोठवल्याने ते बीजाणू मरत नाहीत, फक्त वाढ थांबते, म्हणून क्यूब ओट्यावर वितळत ठेवायचा नाही, सरळ कढईत.

मी पेस्टमध्ये पाणी घालतच नाही, पाण्याचा क्यूब गरम तेलात पडला की असा तडतडतो की हात भाजतो. मिक्सर फिरण्यापुरतं चमचाभर तेल घालते आणि लगेच फ्रीजरमध्ये. तेलाने क्यूब जरा मऊ राहतो, सुटतोही पटकन. एकदा पेस्ट हिरवी-निळी झाली म्हणून सगळी फेकली, नंतर कळलं की तो लसणातल्याच गंधकाच्या संयुगांचा खेळ, खायला काही होत नाही. हळहळ वाटली, सगळं सोलणं वाया! (सोलायचं काम हा ट्रे करत नाही, तेवढं राहिलंच.)

चवीला ताज्याची सर नाही हे खरंय. लसूण ठेचला की त्याचा तिखट झणका तयार होतो आणि मग हळूहळू उतरत जातो, म्हणून शिजवताना मी एक क्यूब जास्त टाकते आणि जिथे कच्चा लागतो तिथे ताजाच घेते. अख्ख्या पाकळ्याही गोठवून बघितल्या, वितळल्यावर लिबलिबीत होतात, पण गोठलेलीच बारीक किसणीवर धरली तर मस्त भुरभुर किसली जाते. त्याला ट्रे लागतही नाही म्हणा.

ह्याच कंपनीचा बिनझाकणाचा पण येतो असं आता दिसलं, आधी दिसला असता तर तोच घेतला असता.