माँटाना की ब्रेडी?

अमेरिकन फुटबॉलमधला सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक (संघाचे आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) कोण, हा वाद शेवटी जो माँटाना आणि टॉम ब्रेडी या दोघांवर येऊन ठेपतो.

माँटानाचे पारडे जड करणारा आकडा एकच: चार सुपर बोल (लीगचे अंतिम सामने), चारही जिंकले आणि त्यांत १२२ पास फेकून एकही इंटरसेप्शन नाही, म्हणजे एकही पास प्रतिस्पर्ध्याने झेलला नाही. जानेवारी १९८९ मध्ये सिनसिनाटीविरुद्धच्या सुपर बोलमध्ये तीन गुणांनी मागे असताना त्याने शेवटच्या तीन मिनिटांत संघाला ९२ यार्ड पुढे नेऊन सामना काढला. शिवाय तेव्हा क्वार्टरबॅकला अक्षरशः तुडवले जाई. आजचे संरक्षक नियम त्याच्या वाट्याला आलेच नाहीत.

ब्रेडी २००० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या प्रक्रियेत, १९९ वा निवडला गेला. दहा सुपर बोल खेळला, सात जिंकला. तीन हरला म्हणून त्याला कमी लेखणे मला पटत नाही. अंतिम फेरीत न पोहोचणे हे तिथे हरण्यापेक्षा चांगले कसे? अटलांटाविरुद्धच्या सुपर बोलमध्ये २८-३ अशी पिछाडी त्याने भरून काढली, तीही वयाच्या ३९ व्या वर्षी. नियम त्याला अनुकूल होते, हे खरेच. पण १९९४ पासून संघांच्या पगारखर्चावर मर्यादा आली. माँटानाच्या सॅन फ्रान्सिस्कोसारखा तारेतारकांचा संघ वर्षानुवर्षे टिकवणे ब्रेडीच्या काळात अवघड होते.

माझे मत ब्रेडीला. मात्र या यादीत आधीच्या पिढीतला क्वार्टरबॅक जॉनी युनिटासला विसरू नये: पासिंग सोपे करणारे १९७८ चे नियम येण्याच्या कितीतरी आधी त्याने सलग ४७ सामन्यांत टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळणारे गुण) मिळवून देणारे पास दिले होते.