सॅम्पल चमकत होतं, माल चमकला नाही: सेफ्टी जॅकेटच्या ऑर्डरमध्ये झालेली फसवणूक

अकरा दिवसांत चारशे जॅकेटं हवी होती. रस्त्याचं काम रात्रपाळीत सुरू होणार होतं. कामगारांना पिवळी आणि सुपरवायझरना नारिंगी, पाठीवर कंपनीचं नाव, आणि आयएसओ २०४७१ या, लांबून ठळक दिसणाऱ्या सुरक्षा कपड्यांच्या मानकाप्रमाणे क्लास २ (क्लास जितका वरचा तितकं चमकदार कापड आणि टेप जास्त), अशी क्लायंटची लेखी अट होती. हा कागद माझ्या टेबलावर आला तेव्हाच उशीर झालेला होता. सेफ्टीचं काम मी बघते, त्यामुळे खरेदीची शिफारसही माझीच असते. पुढे जे झालं त्यात माझी सही आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर तुमची सही होण्याआधी हे वाचलेलं असावं, एवढ्यासाठी सगळं तपशिलात लिहिते आहे.

आमच्या नेहमीच्या सप्लायरने तीन आठवडे मागितले. त्याने कारणंही सांगितली होती: फ्लोरोसंट कापड हाताशी नाही, पट्ट्यांची रिफ्लेक्टिव्ह (प्रकाश परत फेकणारी) टेप मागवावी लागेल, कटिंग, शिलाई, मग छपाई आणि ती नीट सुकायला वेळ. मला तेव्हा तो अडवणूक करतोय असं वाटलं. खरं तर त्या सगळ्यात तोच एक माणूस खरं बोलत होता.

मग ऑनलाइन शोधाशोध केली आणि एकजण भेटला. फोनवर बोलणं अगदी गोड. "मॅडम, तुम्ही काळजीच करू नका, सातव्या दिवशी माल तुमच्या गेटवर." मी क्लास २ म्हटलं, तर तो म्हणाला, "त्याच दरात क्लास ३ देतो." इथेच मी फोन ठेवायला हवा होता. बिनबाह्यांचं जॅकेट एकटं क्लास ३ मध्ये बसत नाही. त्या क्लाससाठी अंगाबरोबर पट्टे लावलेल्या बाह्या तरी लागतात, नाहीतर पट्टे लावलेली पूर्ण लांबीची पॅन्ट. हे मला माहीत होतं. पण कॅलेंडर समोर होतं आणि 'सात दिवस' हे दोन शब्द कानात बसले होते.

दुसऱ्याच दिवशी सॅम्पल आलं. उत्तम होतं. कापड दाट, शिलाई सरळ, टॉर्च मारला की पट्टे पांढरेशुभ्र पेटायचे. मागे आमचं नावसुद्धा छापलेलं. फक्त आतल्या बाजूला, कडेच्या शिवणीत, लेबल कापल्याचे बारीक दोरे राहिले होते. विचारलं तर म्हणाला, "ऑर्डरच्या मालाला तुमच्या नावाचं लेबल लावायचंय ना, म्हणून काढलं." पटलं. आता कळतं की ते दुसऱ्याच कुठल्या तरी चांगल्या कंपनीचं तयार जॅकेट होतं. लेबल काढून त्यावर आमचं नाव छापलं होतं. सॅम्पल एका दिवसात तयार होतं तेव्हा ते बहुधा बनवलेलं नसतं, आणलेलं असतं.

सर्टिफिकेट मागितलं, तेही लगेच आलं. पीडीएफ, वर शिक्का, खाली सही. मी ते उघडलं, 'पास' हा शब्द बघितला आणि फाइलला लावलं. नीट वाचलं असतं तर तीन गोष्टी दिसल्या असत्या. एक म्हणजे तो रिपोर्ट जॅकेटचा नव्हताच, नुसत्या टेपच्या तुकड्याचा होता. टेप पास झाली म्हणून तिच्यापासून शिवलेलं जॅकेट पास होत नाही. दुसरं, त्यावर ईएन ४७१ हे जुनं मानक लिहिलेलं होतं. त्याच्या जागी २०१३ मध्ये आयएसओ २०४७१ आलं, आणि रिपोर्टवरची तारीख त्यानंतर बऱ्याच वर्षांची होती. तिसरं, ज्याच्या नावावर रिपोर्ट होता ती पार्टी वेगळी होती आणि आम्हाला बिल देणारी वेगळी. सगळं हातातून गेल्यावर मी त्या लॅबला रिपोर्ट नंबर मेल करून विचारलं. उत्तर आलं की हा नंबर आमच्याकडे दुसऱ्याच वस्तूच्या चाचणीचा आहे. हा मेल मी ऑर्डर देण्याआधी पाठवू शकले असते.

अर्धे पैसे ॲडव्हान्स दिले. त्यानंतर रोज संध्याकाळी फोटो येत राहिले: कापडाचे तागे, शिलाई मशीन, गठ्ठ्यांची थप्पी. एकदा व्हिडिओ आला, त्यात थप्पीवरची जॅकेटं लख्ख चमकत होती. नंतर तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आलं की चमकत होती ती फक्त सगळ्यात वरची तीन. सातवा दिवस गेला, आठवा गेला. नवव्या दिवशी फोन आला, "गाडी भरून उभी आहे, बाकीची रक्कम टाका, लगेच सोडतो." खात्याचं नाव आधीच्यापेक्षा वेगळं होतं. "ते बंधूंचं खातं आहे," म्हणाला. काम सुरू व्हायला दोन दिवस उरले होते. तेव्हा मी हिशोब असा केला की आता नाही म्हटलं तर अर्धे पैसेही अडकतील आणि जॅकेटंही मिळणार नाहीत. त्याने मला नेमकं त्याच जागी आणून उभं केलं होतं. उशीर झाला म्हणून तो घाई करत नव्हता. मला मोकळा दिवस मिळू नये म्हणून त्याने उशीर केला होता.

माल आला तो काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला. स्टोअरमध्ये दोन गठ्ठे फोडले, वरची जॅकेटं काढून टॉर्च मारला, चमकली. मोजून घेतली आणि चलनावर सही केली. दुसऱ्या रात्री वाटप झालं.

पहिल्या पाळीला तासभर झाला असेल. मागे येणारा डंपर मध्येच थांबला. ड्रायव्हर खाली उतरला आणि सिग्नलवाल्याला दटावायला लागला. मी तिथे गेले तर म्हणाला, "मॅडम, मला दोन माणसं दिसली. इथं तर आठ जण उभे आहेत." मी त्याच्या सीटवर चढून बसले आणि हेडलाइट लावायला सांगितले. समोर आठ माणसं. दोघांच्या छातीवर पट्टे पेटले. बाकीचे सहा म्हणजे अंधारात अंधाराचेच तुकडे होते. अंगात जॅकेट होतं, आणि म्हणूनच ते निर्धास्त उभे होते. जॅकेट नसतं तर माणूस गाडीपासून जरा लांब तरी राहतो.

काम तिथेच थांबवलं. स्टोअरमधली जुनी, विटलेली जॅकेटं काढली, पुरली तेवढ्यांनाच रस्त्यावर ठेवलं, बाकीच्यांना आत घेतलं. त्या रात्रीचं काम बुडालं, क्लायंटने त्याचे पैसे कापले. कुणाला खरचटलं नाही, ते केवळ त्या ड्रायव्हरमुळे. तो थांबला नसता तर मी हे लिहीत बसले नसते, दुसरीकडेच कुठेतरी जबाब देत असते.

सकाळी सगळा माल जमिनीवर पसरला. प्रत्येक गठ्ठ्यात वरची पाच-सहा जॅकेटं खरी टेप लावलेली, खालची सगळी राखाडी चकचकीत पट्टीची. दिवसा दोन्ही शेजारी ठेवली तर फरक कळत नाही, आणि ही फसवणूक नेमकी त्यावरच चालते. खऱ्या रिफ्लेक्टिव्ह टेपमध्ये काचेचे अतिसूक्ष्म मणी असतात, किंवा बारीक प्रिझम. त्यांच्यावर पडलेला प्रकाश इकडेतिकडे न पांगता आला त्याच दिशेने परत जातो, म्हणजे हेडलाइटकडे, आणि हेडलाइटच्या जरा वर बसलेल्या ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे. राखाडी पट्टी हे नुसतं रंगवलेलं कापड असतं. म्हणून हा फरक टॉर्च कंबरेपाशी धरून कळत नाही. टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी, कानशिलाला लावून धरायचा आणि दहा-पंधरा पावलांवरून बघायचं. त्याहून सोपं म्हणजे अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढायचा. खरी टेप फोटोत पांढरी पेटते, खोटी राखाडीच राहते.

कापडही खोटं होतं, साधं पिवळं. फ्लोरोसंट कापड डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश घेऊन दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतं. म्हणून ढगाळ दिवशी, पहाटे, संध्याकाळी ते भोवतालच्या सगळ्यापेक्षा उजळ दिसतं. रात्री हेडलाइटमध्ये त्याचा फारसा उपयोग नसतो, तिथे सगळं काम टेपचं. दिवसाची सोय कापडावर आणि रात्रीची टेपवर, आणि आमच्याकडे दोन्ही नव्हतं. नोटा तपासायचा छोटा निळा, म्हणजे अतिनील प्रकाशाचा, दिवा बऱ्याच ऑफिसांत असतो. त्याखाली फ्लोरोसंट पिवळं आपल्याच रंगात झगमगतं, साधं पिवळं मख्ख राहतं.

मग मी मोजपट्टी घेतली. क्लास २ ला फ्लोरोसंट कापड निदान ०.५० चौरस मीटर लागतं आणि रिफ्लेक्टिव्ह टेप निदान ०.१३ चौरस मीटर, पट्ट्याची रुंदी किमान ५ सेंटिमीटर. ०.१३ चौरस मीटर म्हणजे १,३०० चौरस सेंटिमीटर, आणि ५ सेंटिमीटर रुंद पट्टा असेल तर लांबी येते २ मीटर ६० सेंटिमीटर. एवढी टेप एका जॅकेटवर मोजता आली पाहिजे. आमच्यावर भरली जेमतेम १ मीटर ९० सेंटिमीटर, कारण कंबरेच्या दोन पट्ट्यांपैकी एक त्यांनी गाळला होता. म्हणजे वरची ती 'खरी' जॅकेटंसुद्धा क्लास २ ची नव्हती.

याच मोजणीत आमची स्वतःची चूकही सापडली, आणि ती मी लपवणार नाही. पाठीवरचं नाव लांबून वाचता यावं म्हणून आम्हीच ३० बाय ४० सेंटिमीटरची छपाई सांगितली होती. म्हणजे १,२०० चौरस सेंटिमीटर, ०.१२ चौरस मीटर. छपाईखाली गेलेलं कापड फ्लोरोसंट म्हणून मोजता येत नाही. समजा जॅकेटचं कापड ०.५६ भरतंय, तर त्यातून एवढं वजा केल्यावर ०.४४ उरतं आणि क्लास हातचा जातो. प्रामाणिक सप्लायर असता तर त्याने हे आम्हाला सांगितलं असतं. आमच्या जुन्या सप्लायरने एकदा सांगितलंही होतं, तेव्हाही मला तो अडवतोय असंच वाटलं होतं.

फोन केला तर आधी उडवाउडवी. "रात्री फोटो नीट येत नाहीत मॅडम." मग "एकदा धुवा, चमक येईल." नव्या जॅकेटला धुण्याने चमक येत नाही, प्रत्येक धुण्याला ती थोडी कमीच होते. म्हणून तर चांगल्या जॅकेटच्या लेबलवर किती धुण्यांपर्यंत ते चालेल हे बहुधा लिहिलेलं असतं. शेवटी म्हणाला, "सगळा माल बदलून देतो, फक्त वाहतुकीचा खर्च पाठवा." मी तेही पाठवायला निघाले होते. अकाउंट्समधल्या सहकाऱ्याने हात धरला. ही फसवणुकीची दुसरी फेरी होती, बुडालेले पैसे परत मिळतील या आशेवर चालणारी. त्यानंतर नंबर बंद झाला. बिलावरचा कर नोंदणी क्रमांक तपासला तर तो तिसऱ्याच कुणाचा निघाला. बँकेला आणि पोलिसांना कळवलं, पण मी त्यात चार दिवस घालवले होते. तो बदलून देईल म्हणून थांबले होते. बँकेने पहिलं हेच विचारलं, की पैसे पाठवल्यावर किती तासांनी कळवताय. तुमच्या बाबतीत असं झालं तर त्याच्याशी वाद घालण्याआधी बँकेला फोन करा.

आता आमच्याकडे वेळ कमी असला की नावाची जॅकेटं शिवून घ्यायचीच नाहीत, असं मी ठरवून घेतलं आहे. साधी, कोरी, लेबल शाबूत असलेली तयार जॅकेटं घ्यायची, आणि नाव छातीवर लहानसं, मोजून, टेपला न लागता छापायचं. ज्याला वेल्डिंग किंवा आगीजवळचं काम आहे त्याला साधं पॉलिस्टरचं जॅकेट द्यायचंच नाही, ते वितळून अंगाला चिकटतं. त्याच्यासाठी ज्वालारोधक वेगळं लागतं. क्लायंटला हे समजावून सांगितलं तर तो ऐकतो. त्याला पाठीवरच्या मोठ्या नावापेक्षा क्लास महत्त्वाचा असतो, आपणच विचारत नाही.

शिवून घ्यायचीच असतील तर मंजूर केलेल्या सॅम्पलवर सही करून, सील करून ते आपल्याकडे ठेवते. ऑर्डरमध्ये मानकाचं वर्ष, क्लास, टेपची रुंदी आणि लांबी, छपाईचं माप हे सगळं आकड्यांत लिहिते. माल आल्यावर गठ्ठ्याच्या तळातून आणि मधून जॅकेटं काढून अंधारात फोटो काढते आणि त्यानंतरच उरलेले पैसे सोडते. जो सप्लायर याला तयार होत नाही त्याला ऑर्डर देत नाही, मग तो किती दिवसांत देतो म्हणाला तरी.

त्या चारशे जॅकेटांचं काय करायचं हा प्रश्न राहिला होता. काही कामगारांनी मागितली, घरी वापरू म्हणाले. एकजण म्हणाला, "मॅडम, रात्री सायकलवर जाताना घालीन." त्याला ते अंधाऱ्या खोलीत नेऊन फ्लॅशचा फोटो दाखवला. मग आम्ही दोघांनीच बसून सगळी जॅकेटं कात्रीने पाठीतून उभी कापली.