१६ टीबीची हार्ड डिस्क, आत ६४ जीबीचे कार्ड

संगणक बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क ओळखत नाही, ही तक्रार नेहमीची आहे आणि तिच्यावरचे उपायही सर्वांना पाठ असतात: केबल बदला, दुसऱ्या पोर्टला लावा, संगणक बंद करून चालू करा. नेमके हेच उपाय एकामागून एक सुचवत विक्रेत्याने परताव्याची मुदत संपेपर्यंत मला झुलवत ठेवले. १६ टीबी म्हणून विकलेल्या त्या डबीत प्रत्यक्षात ६४ जीबीचे मेमरी कार्ड होते, म्हणजे सांगितलेल्या क्षमतेचा अडीचशेवा हिस्सा.

अशा डिस्कांची तऱ्हा बहुतेकांच्या कानावर असेल. कंट्रोलरच्या (डिस्क चालवणाऱ्या चिपच्या) फर्मवेअरमध्ये, म्हणजे तिच्यात भरून ठेवलेल्या सूचनांमध्ये, खोटा आकडा भरलेला असतो आणि संगणक तो खरा मानतो. खरी जागा संपली की पुढचा डेटा एकतर हवेत जातो किंवा आधीच्याच डेटावर लिहिला जातो. फायलींची यादी मात्र डिस्कच्या सुरुवातीला असल्यामुळे नावे, तारखा आणि आकार बिनचूक दिसत राहतात. मी ४१२ जीबी कॉपी केले तेव्हा एकही त्रुटी आली नाही, पहिले काही फोल्डर उघडून पाहिले तर सर्व फोटो नीट दिसले, आणि त्यानंतरच मी जुना लॅपटॉप पुसला. याला निष्काळजीपणा म्हणणाऱ्यांनी कॉपी केलेली प्रत्येक फाइल आपण स्वतः कधी उघडून पाहिली होती, तेवढे सांगावे.

एक क्षण मात्र अजून डोक्यातून जात नाही. डिस्क प्रथम जोडली तेव्हा विंडोजने क्षमता दाखवली ती अगदी पूर्ण, १६.० टीबी. माझ्याकडच्या २ टीबीच्या अस्सल डिस्कवर कायम १.८१ दिसते, कारण उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. या हिशेबाने खरी १६ टीबीची डिस्क साडेचौदाच्या आसपास दिसायला हवी. हे मला ठाऊक नव्हते असेही नाही. उलट ‘या खेपेला तरी माप पुरते मिळाले’ म्हणून मला बरेच वाटले! डबी हातात धरली असता फिरणाऱ्या तबकडीची किंचितही थरथर जाणवत नव्हती, परंतु जाहिरातीत एका ओळीत ‘हार्ड डिस्क’ आणि दुसऱ्या ओळीत ‘एसएसडी’ (तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारी डिस्क) असे छापलेले असल्यामुळे एसएसडी थरथरणार नाहीच, अशी माझी समजूत झाली, आणि ती तशी होणे स्वाभाविकच होते. खिशात मावणाऱ्या अडीच इंची हार्ड डिस्क ५-६ टीबीच्या पुढे गेलेल्या नाहीत. १६ टीबीची साडेतीन इंची असते आणि तिला वेगळा वीजपुरवठा लागतो. जिला स्वतःचा अडॅप्टर नाही, अशी १६ टीबीची स्वस्त हार्ड डिस्क घेऊ नका.

पुढे डिस्क दिसेनाशी झाली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आणि कोड ४३ (उपकरणात अडचण असल्याचा विंडोजचा संदेश), तर कधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘रॉ’, म्हणजे आतली मांडणी वाचता येत नाही, असा शिक्का. विक्रेत्याचे प्रत्येक उत्तर अत्यंत नम्र असे आणि प्रत्येकात नवा उपाय असे. तो करून कळवले की दोन दिवस शांतता, मग पुढचा उपाय. शेवटी त्याने फॉरमॅट करण्यास सांगितले. आत माझा एकमेव डेटा आहे म्हणून मी नकार दिला, तेव्हा ‘आपण तांत्रिक सूचना पाळल्या नाहीत’ हे कारण पुढे आले. त्यापाठोपाठ रकमेच्या २० टक्के परत देण्याची तयारी, मग ३० टक्के, अट एकच: तक्रार मागे घ्यावी. असा अर्धामुर्धा परतावा कधीही स्वीकारू नका, कारण तो घेतला की प्रकरण मिटले असे धरले जाते.

मुदत संपल्यावर मी डबी उघडली. वजनासाठी चिकटवलेली लोखंडी पट्टी, कार्ड रीडरची बोटभर पाटी आणि गोंदाने बसवलेले कार्ड, ज्यावर ‘६४ जीबी’ असे स्वच्छ छापलेले होते. ते दुसऱ्या रीडरमध्ये घालून फोटोरेक हे गेलेल्या फायली परत मिळवणारे साधन चालवले तेव्हा सुमारे ५९ जीबी हाती लागले. बाकीचे ३५३ जीबी कधी लिहिलेच गेले नव्हते, आणि जे लिहिलेच गेले नाही ते कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही.

यानंतरचा मनस्ताप फसवणुकीहून मोठा ठरला. खरेदीच्या संकेतस्थळाने हा ‘उत्पादनातील बिघाड’ असल्याचे सांगून उत्पादकाकडे जाण्यास सुचवले, आणि खोक्यावर उत्पादकाचे नावच नव्हते. बँकेने वस्तू पोहोचल्याची नोंद दाखवून रक्कम अडवण्याचा अर्ज फेटाळला. पोलिसांचे म्हणणे असे, की वस्तू मिळाली आहे, तेव्हा हा गुन्हा नसून ग्राहक आणि विक्रेता यांच्यातला वाद आहे. म्हणजे रिकामे खोके आले असते तर मी फसवला गेलो असतो, पण लोखंडी पट्टी घालून आले म्हणून नाही! ग्राहक तक्रार कक्षाला विक्रेत्याचा पत्ता हवा होता, जो संकेतस्थळ ‘गोपनीय’ म्हणून देत नव्हते. आणि ज्या छायाचित्रांत ते कार्ड ढळढळीत दिसते, तीच छायाचित्रे ‘ग्राहकाने वस्तू उघडून खराब केली’ याचा पुरावा म्हणून माझ्यावरच उलटवण्यात आली. क्षमता म्हणजे काय, हे यांपैकी एकालाही समजून घ्यायचे नव्हते.

तेव्हा डबी आधी उघडू नका, आधी तपासा. विंडोजवर व्हॅलीड्राइव्ह ठिकठिकाणी लिहून-वाचून खोटी जागा थोड्या वेळात दाखवते; एच२टेस्टडब्ल्यूला वेळ फार लागतो, पण किती जीबी खरे आणि किती गेले याचा लेखी अहवाल मिळतो; लिनक्स आणि मॅकसाठी एफ३ आहे. ही तिन्ही साधने फुकट आहेत. अहवाल हाती येताच पहिल्याच निरोपात ‘क्षमता खोटी आहे’ एवढेच लिहा. ‘डिस्क दिसत नाही’ असे लिहिलेत की केबल-पोर्टचे चक्र सुरू झालेच. विक्रेत्याशी सगळा पत्रव्यवहार संकेतस्थळावरच ठेवा, फोनवर काही बोलू नका. आणि ज्यांनी अशी डिस्क भरून ठेवली आहे, त्यांनी तिच्यावर आणखी काहीही लिहू नये, फॉरमॅट करू नये, आणि मूळ डेटा जुन्या यंत्रावर अजून असेल तर ते यंत्र आज पुसू नये.