'फायनल फँटसी ८' : रत्नागिरीतही ज्यावर एकमत नाही

'फायनल फँटसी ७'ला मोठे यश मिळाल्यानंतर दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९९९ मध्ये, स्क्वेअर कंपनीने प्लेस्टेशनसाठी आणलेला चार डिस्कचा 'फायनल फँटसी ८' हा व्हिडिओ गेम या मालिकेतील सर्वाधिक वादग्रस्त भागांपैकी एक आहे. रत्नागिरीतील आमच्या खेळाडूंच्या गटातही त्यावर दोन तट आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर जाणाऱ्या मित्रांना सवड मिळते, तेव्हा या विषयाला हमखास तोंड फुटते. आमच्यापैकी बहुतेकांनी २०१९ चे रिमास्टर (जुन्याच खेळाची सुधारित आवृत्ती) लॅपटॉपवर खेळले आहे, तर काहींनी २०२१ मध्ये आलेली मोबाईलवरील आवृत्ती.

विरोधकांचे मुख्य गाऱ्हाणे 'ड्रॉ' पद्धतीविषयी आहे. येथे जादू शत्रूच्या अंगातून ओढून घ्यावी लागते. एका वेळी जास्तीत जास्त नऊ नग हाती येतात आणि प्रत्येक पात्राला एका प्रकारच्या जादूचे शंभर नग बाळगता येतात. हा साठा 'जंक्शन' करून ताकद, वेग किंवा आयुष्य यांना जोडला की पात्र बलवान होते. मात्र तीच जादू लढाईत वापरली की साठा घटतो आणि पात्र दुबळे पडते. त्यामुळे जमवलेली जादू खर्च करायला हात धजत नाही. तिघा पात्रांसाठी शंभर-शंभर नग गोळा करत एकाच शत्रूसमोर ताटकळत बसणे हा खेळ नसून हमाली आहे, असे आमचा एक मित्र म्हणतो, आणि त्या रीतीने खेळणाऱ्याच्या बाबतीत त्याचे म्हणणे खोडून काढता येत नाही.

पण खेळात दुसरी वाट सुरुवातीपासूनच मोकळी आहे. खेळाच्या सुरुवातीच्या बालांब या गावाजवळच्या किनाऱ्यावर वाळूत दडणारा फास्टिटोकॅलॉन मारला की माशाचे पर मिळतात. शिवा या गार्डियन फोर्सला (पात्रांना जोडता येणाऱ्या आणि लढाईत बोलावता येणाऱ्या अद्भुत शक्तीला) योग्य कौशल्य शिकवले असेल, तर एका परापासून पाण्याच्या जादूचे वीस नग तयार होतात. ते ताकदीला जोडल्यावर पहिल्या डिस्कमधील लढाया कमालीच्या सोप्या होतात. 'ट्रिपल ट्रायड' हा पत्त्यांचा खेळ तर याहून पुढचा आहे. बालांब गार्डन या लष्करी विद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर फुकट मिळणाऱ्या पत्त्यांनी सुरुवात करायची, विद्यार्थ्यांकडून चांगले पत्ते जिंकायचे, क्वेझाकोटल या दुसऱ्या गार्डियन फोर्सच्या साहाय्याने त्यांच्या वस्तू करायच्या आणि त्या वस्तूंपासून जादू. या वाटेने जाणाऱ्याला 'ड्रॉ'चा कंटाळा येण्याचे कारणच उरत नाही. खेळाचा दोष असा की ही वाट तो ठसवून सांगत नाही. शिकवणीचे पडदे भरपूर आहेत, पण नेमके महत्त्वाचे त्यांत हरवते.

याच्याशी जोडलेला दुसरा आक्षेप पात्रांच्या पातळीचा (लेव्हलचा) आहे. आपल्या गटाची सरासरी पातळी वाढते तसे शत्रूही बळावतात. म्हणून लढाया जिंकत राहणारा, पण जंक्शनकडे दुर्लक्ष करणारा खेळाडू पुढे अडकतो, आणि शत्रूंना मारण्याऐवजी त्यांचे 'ट्रिपल ट्रायड'चे पत्ते करून पातळी वाढवणारे अनुभवाचे गुण मुद्दाम टाळणारा आरामात पुढे सरकतो. मालिकेतील आधीचे भाग खेळून आलेल्यांना हा उलटा न्याय वाटणारच. मला तो धाडसी वाटतो, कारण येथे घोटण्यापेक्षा विचाराला किंमत आहे. पगाराची कल्पनाही तशीच निराळी आहे: श्वापदे मारून पैसे मिळत नाहीत, सीड या गार्डनच्या भाडोत्री सैनिकांच्या दलातील श्रेणीनुसार पगार मिळतो आणि लेखी परीक्षा देऊन श्रेणी वाढवता येते. बोटीवर मासळीच्या वाट्यावर मिळकत ठरण्याची सवय असलेल्या मित्राला ही नोकरी फारच आवडली. कागदावर उत्तरे लिहून पगार वाढतो, याचे त्याला अजून हसू येते.

कथेबाबत मात्र मी विरोधकांच्या बाजूला आहे (पुढील काही वाक्यांत रहस्य उघड होईल). अबोल, तुसडा नायक स्क्वॉल पहिल्या दोन डिस्कमध्ये उत्तम रंगला आहे. मनात एक आणि ओठांवर 'जाऊ दे' अशी त्याची घुसमट खरी वाटते. पण नायिका रिनोआ वगळता जवळजवळ सारी मंडळी एकाच अनाथाश्रमात वाढली होती आणि गार्डियन फोर्सच्या वापरामुळे ते विसरली, हा उलगडा बास्केटबॉलच्या मैदानावर गप्पांच्या ओघात उरकला जातो. विस्मरणाची सूचना आधी पेरलेली आहे, हे खरे. ती सहज नजरेतून सुटते, हेही तितकेच खरे. त्यानंतर स्क्वॉल रिनोआसाठी सर्वस्व पणाला लावतो, तो बदल हळूहळू घडताना दिसत नाही. नोबुओ उएमात्सू यांचे संगीत ही दरी बऱ्याच अंशी भरून काढते, आणि फेय वाँग यांनी गायलेले गीत योग्य जागी येते.

किनारपट्टीवरच्या माणसाने फिशरमन्स होरायझन मात्र चुकवू नये. समुद्रावरून जाणाऱ्या बंद पडलेल्या रेल्वेपुलाच्या मध्यावर तंत्रज्ञांनी वसवलेले, शस्त्राला नकार देणारे हे गाव, तेथील प्रचंड सौर तबकडी आणि गळ टाकून बसलेला म्हातारा यांच्यासाठी मी कथेचे बरेच अपराध पोटात घालायला तयार आहे.

रिमास्टरमध्ये पात्रांचे चेहरे रेखीव झाले आहेत, परंतु मागची चित्रे जुनीच धूसर राहिल्याने ती पात्रे वरून चिकटवल्यासारखी दिसतात. तिप्पट वेगाची सोय उपयुक्त आहे, विशेषतः गार्डियन फोर्सची लांबलचक दृश्ये पुन्हा पुन्हा पाहताना. अवचित होणाऱ्या लढाया बंद करण्याची सोय नवख्याने जपून वापरावी, कारण त्यात गार्डियन फोर्सना कौशल्ये शिकवायची राहून जातात. आणि पत्त्यांचा संच पूर्ण करायचा असेल तर तो शेवटच्या डिस्कपूर्वीच करावा. तेथे पोचल्यावर बहुतेक गावांची दारे बंद झालेली असतात.