सेस्पेडीसचा हात की गॉर्डनचा?

बेसबॉलमध्ये लांबून फेक करण्यात कोणाचा हात भारी? १० जून २०१४, अमेरिकेतल्या ओकलंड आणि एंजल्स या संघांचा सामना. एंजल्सच्या माइक ट्राउटचा फटका लेफ्ट फील्डमध्ये (मैदानाच्या डाव्या, बाहेरच्या भागात) ओकलंडच्या योएनिस सेस्पेडीसकडून निसटला आणि पार कोपऱ्यात गेला. त्याचा सहकारी हाउवी केंड्रिक धाव पुरी करायला होमकडे, म्हणजे फलंदाजाच्या जागेकडे, सुसाट. सेस्पेडीसने चेंडू उचलला आणि तिथूनच भिरकावला. एकही टप्पा न पडता तो थेट होमवरच्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये, केंड्रिक बाद! अशी ताकद कमावता येत नाही, ती अंगातच लागते. मात्र मुळात चेंडू नीट अडवला असता तर केंड्रिक कदाचित पळालाच नसता, हेही खरं.

कॅन्सस सिटी संघाच्या ॲलेक्स गॉर्डनचं तंत्र निराळं. हा मूळचा थर्ड बेसमन (तिसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक), २०१०मध्ये लेफ्ट फील्डला गेला. इनफील्डची, म्हणजे बेसजवळच्या आतल्या भागाची, सवय हाडीमाशी भिनलेली: चेंडूवर झडप, ग्लोव्हमधून हातात झटकन, छोटी उडी आणि सरळ फेक. २०११मध्ये त्याने २० असिस्ट केले. म्हणजे त्याच्या फेकीवर २० जण बाद झाले.

पण नुसत्या असिस्टवरून हात जोखू नये. एखाद्याची दहशत बसली की धावपटू बेसवरच थांबतात, आणि न धावलेल्याला बाद कसं करणार? त्यामुळे भारी हाताचे आकडे उलट कमीही दिसू शकतात.

एका चेंडूपुरता सवाल असेल तर सेस्पेडीस, डोळे झाकून. १६२ सामन्यांच्या हंगामासाठी मी गॉर्डनच घेईन; त्याला आठ गोल्ड ग्लोव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार) काही उगाच नाही मिळाले.