१९०७ चं जपान-अमेरिका युद्ध, आमच्या सतरंजीवर (बोर्ड गेम रिव्ह्यू)

ऑनलाइन मागवला होता, सोलापुरात पोचेपर्यंत डब्याचा एक कोपरा पार चेपलेला आणि आत अमेरिकेच्या १६ युद्धनौकांपैकी २ सोंगट्याच नाहीत. विकणाऱ्याला दोनदा मेल केला, उत्तर नाही. शेवटी शर्टाची बटणं ठेवून खेळलो. तरी गेम लई भारी आहे म्हणून लिहितोय.

१९०७ ला जपान आणि अमेरिकेत खरंच जुंपली असती तर काय, असा विषय. वातावरण तसं तापलेलंच होतं, १९०५ ला त्सुशिमात जपाननं रशियाचं आरमार बुडवलेलं, १९०६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा बोर्डानं जपानी पोरांना वेगळ्या शाळेत जायला सांगितलं, झालं, तिकडं जपानात संताप.

रविवारी दाजी आलेले, त्यांनी लगेच अमेरिका घेतली, म्हणाले १६ जहाजं हायत की, जेवायच्या आत गुंडाळतो तुम्हाला. मग कळलं की ती सगळी अटलांटिकच्या बाजूला उभी आहेत आणि पनामा कालवा सुरू झाला १९१४ ला, म्हणजे अख्ख्या दक्षिण अमेरिकेला वळसा, त्यात प्रत्येक टप्प्याला कोळसा लागणार आणि कोळसा वाहणारी स्वतःची जहाजं पुरेशी नाहीत, बाकी सगळी भाड्याची, बहुतेक ब्रिटिश. आता गंमत बघा, युद्ध जाहीर झालं की ब्रिटन तटस्थ, म्हणून ती भाड्याची जहाजं बोर्डावरनं उचलायची! हा नियम मी मोठ्यानं वाचला तेव्हा दाजींचं तोंड बघायला पाहिजे होतं. फिलिपिन्स त्यांच्याकडं, पण सॅन फ्रान्सिस्कोपासनं साधारण ७००० मैल. मी मनिला घेतलं, आमची शेंगाचटणी-भाकरी खाऊन झाली, तरी त्यांचं आरमार चिलीच्या किनाऱ्याला कोळशाची वाट बघत उभंच.

पण जपानही सोपा नाही हां. रशियाशी लढायला लंडन आणि न्यूयॉर्कमधनं कर्ज काढलेलं, म्हणजे ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच बाजाराची उधारी, दर डावाला व्याज भरा. मिकासा, म्हणजे जपानच्या आरमाराची मुख्य युद्धनौका, तर सुरुवातीला मिळतच नाही, १९०५ ला ती ससेबो बंदरातच स्फोट होऊन बुडालेली, दुरुस्तीत आहे. असला बारकावा सापडला की पैसे वसूल वाटतात.

प्रत्यक्ष लढाई मात्र फुसकी, दोन फासे टाका नि तक्त्यात आकडा बघा, बास. नियमांचं पुस्तक इंग्रजीत आणि अक्षर इतकं बारीक की दाजींनी चष्मा काढून परत घातला.

एक कार्ड आहे, ते टाकलं की अमेरिकेचं आरमार पाहुणं म्हणून योकोहामाला जातं आणि डाव बरोबरीत सुटतो. खऱ्यातही १९०८ च्या ऑक्टोबरात तसंच झालं, जोरदार स्वागत बिगत. दाजींनी रात्री साडेदहाला गपचूप तेच कार्ड टाकलं.

३२०० रुपये जास्तच आहेत. घेतलात तर डबा उघडल्या उघडल्या सोंगट्या मोजा.