आरटीएक्स ३०६० की ४०६०: बारा जीबी घ्यावं की नवं कार्ड?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एनव्हिडियाचं मध्यम बजेटमधलं ग्राफिक्स कार्ड मागितलं की बोलणं फिरून ३०६० आणि ४०६० यांच्यापाशी येतं. पहिलं फेब्रुवारी २०२१चं, दुसरं जून २०२३चं. बाजारात आली तेव्हा अमेरिकेतल्या किमती होत्या ३२९ आणि २९९ डॉलर, म्हणजे नवंच उलट स्वस्त. माझं मत आधीच सांगून टाकतो: नुसते गेम खेळायचे तर ४०६०, कार्डावर काम करून चार पैसे मिळवायचे तर ३०६०.

आकड्यांची यादी लावली तर जुनंच थोरलं दिसतं. ३०६०मध्ये ३,५८४ कुडा कोअर (हिशोब करणारे छोटे भाग), ४०६०मध्ये ३,०७२. मेमरी १२ जीबी आणि ८ जीबी. मेमरीची बस, म्हणजे डेटाच्या वाटेची रुंदी, १९२ बिट आणि १२८ बिट, बँडविड्थ सेकंदाला ३६० जीबी आणि २७२ जीबी. तरीही १०८०पीवर खेळताना ४०६० साधारण वीस टक्के पुढे राहतं. गणित सोपं आहे. ३०६०चं बूस्ट क्लॉक (जोरात चालतानाचा वेग) १.७८ गिगाहर्ट्झ, ४०६०चं २.४६. कोअर गुणिले क्लॉक गुणिले दोन केलं की एकाचे १२.७ टेराफ्लॉप्स (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला लाख कोटी हिशोब) येतात, दुसऱ्याचे १५.१. क्लॉक इतकं वर गेलं, कारण चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटरवरून टीएसएमसीच्या ४एन प्रक्रियेवर आली. बस अरुंद केली त्याची भरपाई एल२ कॅशनं, म्हणजे चिपमधल्याच छोट्या वेगवान मेमरीनं होते: ३०६०मध्ये ती ३ एमबी आहे, ४०६०मध्ये २४. हळद घरच्या डब्यात असली की दादरला मंडईत जावं लागत नाही, तसंच हे. १४४०पी किंवा त्याच्या वर गेलात की डबा अपुरा पडायला लागतो आणि ४०६०ची आघाडी थोडी आटते.

विजेचं म्हणाल तर १७० वॉट आणि ११५ वॉट. रोज चार तास पूर्ण जोरात चालवलं तर वर्षाला ८० युनिटांचा फरक पडतो. युनिट १० रुपयांनी धरलं तर आठशे रुपये. एवढ्यासाठी कोणी कार्ड बदलत नाही. पण हे ५५ वॉट शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहतात, आणि मे महिन्यात एसी नसलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत ते कळतात. त्याहून महत्त्वाचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. एनव्हिडिया दोन्ही कार्डांना ५५० वॉटचा सांगते. असेंबल्ड पीसीत बसवलेल्या स्वस्त एसएमपीएसच्या स्टिकरवर काय लिहिलंय त्यावर माझा फारसा भरवसा नाही, म्हणून तिथे कमी ओढणारं ४०६० जास्त निर्धास्त.

दुकानात फ्रेम जनरेशनचा गाजावाजा ऐकाल. डीएलएसएस ३चं हे फीचर ३०६०वर चालत नाही, हे खरं. अपस्केलिंगचं, म्हणजे लहान चित्र मोठं करून दाखवणारं, साधं डीएलएसएस मात्र दोन्हीकडे आहे. फ्रेम जनरेशन मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतं. मूळचे ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम) मिळत असतील तर चित्र छान वाहतं, मूळचे ३० असतील तर आकडा वाढतो पण माउसचा जडपणा तसाच राहतो. वर ते स्वतःही मेमरी खातं, आणि मेमरीच इथे ८ जीबी आहे.

या ८ जीबीचं नीट समजून घ्या, कारण निर्णय इथेच होतो. टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) अल्ट्रावर टाकलं आणि गेमला आठच्या वर लागली, तर उरलेला डेटा पीसीच्या रॅममध्ये जातो आणि पीसीआय एक्स्प्रेसमधून, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या रस्त्यावरून ये-जा करतो. ३०६०ला १६ लेन आहेत, ४०६०ला फक्त ८. मदरबोर्ड पीसीआय एक्स्प्रेस ४.० आवृत्तीचा असेल तर निभावतं. पण बी४५० किंवा एच४१०सारख्या ३.० बोर्डावर आठ लेनमधून सेकंदाला जेमतेम ८ जीबी जातात, आणि ऐन वेळी गेम अडखळतो. असा बोर्ड घरी असेल तर ४०६० घेऊन टेक्स्चर एक पायरी खाली ठेवायची तयारी हवी. १०८०पीवर त्यानं डोळ्यांना फारसं खटकत नाही.

कामाचं पारडं वेगळं. थ्रीडीच्या ब्लेंडर सॉफ्टवेअरमध्ये सीन मेमरीत मावला तर ४०६० भराभर रेंडर करतं; मावला नाही तर वेग रडतखडत होतो. व्हिडिओ एडिटिंगच्या रिझॉल्व्हमध्ये ४के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन लावलं की आठ जीबी भरायला वेळ लागत नाही. घरच्या पीसीवर भाषेची मॉडेल चालवणाऱ्यांसाठी तर प्रश्नच नाही: १३ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटला आक्रसवलं तरी सात-आठ जीबी घेतं, ४०६०वर ते कसंबसं कोंबावं लागतं, ३०६०मध्ये ऐसपैस बसतं. शब्द किती भरभर येतात हे तिथे मुख्यतः बँडविड्थवर ठरतं, म्हणून जुनं कार्ड वेगातही मागे पडत नाही. अपवाद एकच, युट्यूबवर लाइव्ह करणाऱ्यांचा. एव्ही१ या व्हिडिओ फॉरमॅटचा एन्कोडर (व्हिडिओ त्यात बनवणारा भाग) ४०६०मध्येच आहे, ३०६० एव्ही१ फक्त वाचू शकतं.

नवीन ५०६०चं काय? मे २०२५मध्ये आलेल्या त्या कार्डाला जीडीडीआर७ मुळे ४४८ जीबीची बँडविड्थ मिळाली, पण मेमरी पुन्हा आठच. गेमसाठी भाव ४०६०च्या जवळपास असेल तर तेच घ्या. कामाचं गणित काही बदलत नाही.

३०६० बऱ्याचदा वापरलेलंच मिळतं, तेव्हा सावध. २०२२च्या शेवटी याच नावानं ८ जीबीचं मॉडेल आलं, १२८ बिट बसचं. १२च्या भावात ते गळ्यात मारलं जाऊ शकतं. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड सॉफ्टवेअर उघडून मेमरी साइझपुढे १२ जीबी आणि बस विड्थपुढे १९२ दिसल्याशिवाय पैसे काढू नका. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं माइनिंग (कार्डांवर हिशोब करून चलन कमावणं) थांबलं आणि त्यातली कार्डं बाजारात उतरली. माइनिंग केलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही. चिप टिकते, पंखे आणि थर्मल पॅड झिजतात. त्यामुळे दुकानातच पंधरा-वीस मिनिटं लोडवर चालवायला लावा, पंख्याची घरघर ऐका, तापमान पाहा. मागच्या पत्र्यावर आणि स्क्रूंवर गंज असेल तर कार्ड खाऱ्या, दमट हवेत राहिलंय असं समजा आणि भाव पाडून मागा, नाहीतर पुढचं दुकान गाठा. जीएसटीचं मूळ बिल विक्रेता देत नसेल तर वॉरंटी संपली असंच धरून बोली लावा.